घटक कुठे तोडायचा?

डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी टाचणवही लिहिली आहे. वार्षिक नियोजन, त्यातून घटक नियोजन, त्यातून पाठ टाचण. आणि तपासणीला साहेब आले की आधी टाचण दाखवा. त्या वहीचा इतका कंटाळा आलेला असतो की तीच वही संगणकाच्या पडद्यावर ‘मॉड्यूल’ असे नाव घेऊन समोर आली तर ओळखूच येत नाही. पेण-रोह्याकडच्या शिक्षकांशी या विषयावर बोलताना म्हणूनच मी सुरुवात टाचणापासून करतो. ‘हे तर आम्हाला येतंच की,’ असे कुणी म्हणाले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे मात्र खरोखर नवे आहे आणि हे पुस्तक त्यासाठी आहे.

नवे काय, तर घंटा नाही. वर्गात तासाचा शेवट घंटा ठरवते. ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थी कुठेही थांबतो. नेट जाते, घरातून हाक येते, गाडी स्टेशनात शिरते. दिवा-रोहा गाडीत पेणला चढलेली मुलगी कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरते. तेवढ्यात मोबाइलवर तिचे काय पुरे झाले, आणि संध्याकाळी परत उघडल्यावर कुठून पुढे जायचे, हे तिला कळले पाहिजे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा शाळा-कॉलेजे टाळेबंदीत होती आणि अनेक गावांत पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. त्याच वर्षी मी माझी व्याख्याने एकाखाली एक चढवत होतो: ‘लेक्चर 1’, ‘लेक्चर 2’, ‘लेक्चर 2 नवीन’, ‘लेक्चर 2 फायनल’. आठवडाभराने परतलेल्या विद्यार्थ्याला त्यातून वाट सापडणे शक्यच नव्हते. चूक माझी होती. सॉफ्टवेअरने फक्त ती नीट सांभाळून ठेवली.

मग घटक तोडायचा कुठे? याचे सगळ्यात चांगले उत्तर मला पेणच्या गणपती कारखान्यांत मिळाले. समजा, शाडूची मूर्ती घडवण्यावर अभ्यासक्रम करायचा आहे. आपण मास्तर मंडळी पहिला घटक इतिहासाचा करू, दुसरा मातीच्या गुणधर्मांचा, तिसरा रंगांचा. कारखान्यातली विभागणी निराळी असते. माती मळणे, साच्यात दाबणे, साच्यातून काढून हात-सोंड जोडणे आणि मग वाळवणे. यात कुठे हात थांबवता येतो ते कारागिराला पक्के ठाऊक असते. हात जोडायचे अर्धवट टाकून तो जेवायला जात नाही. तोवर माती सुकते आणि पुढे सांधा तडकतो. वाळलेली कच्ची मूर्ती मात्र खुशाल ठेवता येते. ती नुसती ठेवता येते असे नाही, विकताही येते: पेणच्या कच्च्या मूर्ती दूरच्या गावी जातात आणि तिथला रंगारी त्या पुऱ्या करतो. म्हणजे कच्ची मूर्ती हा पुरा झालेला घटक, अर्धा जोडलेला हात हा नव्हे. व्हिडिओ किती मिनिटांचा असावा यावर लोक तावातावाने भांडतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो.

क्रमाचेही तसेच. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी येते आणि ती मुरलेल्या हाताकडेच असते. पण शिकायला आलेल्याला आधी तेच बघायचे असते. मूडलसारख्या प्रणालीत आधीचे घटक पुरे होईपर्यंत पुढचा घटक कुलूपबंद ठेवता येतो, आणि नवा शिक्षक सगळीकडे कुलपे घालत सुटतो. मी आखणीचा व्हिडिओ पहिल्याच दिवशी उघडा ठेवीन. कुलूप फक्त सरावाला, कारण मातीवर हात बसल्याशिवाय तो जमणारच नाही.

मूडलच्या नावातला पहिला शब्दच ‘मॉड्युलर’ आहे. मार्टिन डुगियामास यांनी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2002 साली आणली. त्यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वस्तीत गेले. तिथे शाळा रेडिओवर भरे आणि अभ्यासाचे साहित्य विमानाने येई. गठ्ठ्यात जे बांधले तेवढ्यावरच पुढचा गठ्ठा येईपर्यंत भागवायचे. आपल्याकडे 2017 पासून चालू असलेल्या ‘स्वयम्’मध्ये व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा अशा चार अंगांची रचना आहे. तिचा तपशील तिसऱ्या प्रकरणात येईल.

जिल्ह्यातलेच एक जुने उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही. महाडजवळच्या शिवथरघळीशी ज्याचे नाव परंपरेने जोडले जाते तो दासबोध वीस दशकांचा, दर दशकात दहा समास. प्रत्येक समासाला नाव. म्हणून बाकी ग्रंथ न उघडलेल्यालाही ‘मूर्खलक्षण’ नेमके सापडते. त्या नावांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दहा-दहाच्या सारखेपणाकडून मात्र जपून. समर्थांना तो पेलला; आपण पंधरा तासांचे क्रेडिट भरायला चार समान घटक पाडतो तेव्हा तिसऱ्यात हमखास पाणी घातलेले असते. एक घटक दोन पानांचा आणि दुसरा वीस पानांचा असला तर बिघडत नाही.

पुस्तक क्रमाने वाचायचे बंधन नाही. ज्यांचा अभ्यासक्रम आधीच चढवून झाला आहे त्यांनी थेट चौथे प्रकरण उघडावे. तिथे जुन्या फाइलींची नावे बदलण्यापासून सुरुवात आहे. बाकीच्यांनी आपल्या विषयाच्या एका घटकाचे टाचण लिहून जवळ ठेवावे. पेन्सिलने लिहावे, पाचव्या प्रकरणात ते खोडावे लागणार आहे.