रोमन कृषिग्रंथांतील कोंबड्यांचे खुराडे

पाळीव पशुपक्ष्यांच्या सुखसोयींचा विचार ही आधुनिक काळाची देणगी होय, असा समज प्रचलित आहे. रोमन कृषिग्रंथ पाहता तो टिकत नाही. परंतु प्राचीनांच्या भूतदयेविषयीचा उलट समजही टिकत नाही. हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

व्हारोने वयाच्या ऐंशीच्या घरात, इ. स. पूर्व ३७ मध्ये, आपला शेतीविषयक ग्रंथ रचिला. त्याच्या तिसऱ्या खंडात २०० कोंबड्यांसाठी दोन जोड खुराडी सांगितली आहेत. त्यांचे तोंड पूर्वेस असावे. प्रत्येकाची लांबी सुमारे १० फूट, रुंदी त्याच्या निम्मी व उंची किंचित कमी असावी. खिडकी फोकांनी विणलेली असावी, म्हणजे उजेड भरपूर येईल, पण उपद्रवी प्राणी आत शिरणार नाहीत. हिशेब केल्यास एका पक्ष्याच्या वाट्यास जेमतेम अर्धा चौरस फूट भूमी येते. मात्र ही सोय रात्रीची होती. दिवसा वावरण्यासाठी व धुळीत लोळण्यासाठी पुढे कुंपणाचे आवार असे.

इ. स. च्या पहिल्या शतकातील कोलुमेला याहून बारकाईने लिहितो. त्याच्या आराखड्यात तीन सलग खोल्या असून मधल्या खोलीत चूल आहे, कारण धूर पक्ष्यांना हितकर, असे तो मानतो. बसण्याचे दांडे गोल न ठेवता चौकोनी तासावेत, म्हणजे पाय घसरत नाहीत. वळचणीखाली कोरडी धूळ व राख असावी, म्हणजे पक्षी पिसे स्वच्छ करतात. पक्ष्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केल्याखेरीज असे लेखन संभवत नाही.

तथापि हेच ग्रंथकार कोंबड्या पुष्ट करण्याची रीत तितक्याच शांतपणे सांगतात. व्हारोच्या मते पंखांची व शेपटीची पिसे उपटून त्यांना उबदार, अरुंद व अंधाऱ्या जागी कोंडावे. कारण हालचाल आणि उजेड ही चरबीची वैरी होत. कोलुमेला तर पक्ष्यास वळताही येऊ नये इतका अरुंद पिंजरा सांगतो. म्हणजे निरीक्षण तेच, उपयोग मात्र विरुद्ध. कोंबडीस काय सुखावते हे ज्यास ठाऊक होते, त्यासच तिचे सुख नेमके कोठे हिरावावे हेही ठाऊक होते. अंड्यांसाठी सुख लाभदायक, मांसासाठी कोंडमारा लाभदायक. दोन्हीकडे निकष उत्पन्नाचाच होता.

येथे शब्दांचा इतिहासही बोधप्रद आहे. कोलुमेला घरगुती कोंबडीस ‘कोहोर्तालिस’, म्हणजे आवारातली, म्हणतो. मूळ शब्द ‘कोहोर्स’, म्हणजे कुंपण घातलेले आवार. तोच फ्रेंच व इंग्रजी मार्गाने राजदरबार व न्यायालय या अर्थांना पोहोचला आणि ‘कोर्ट’ या रूपाने मराठीत रुळला. उलट आपण अडचणीच्या घरास ‘खुराडे’ म्हणतो. एका शब्दाने मोकळ्या आवाराची स्मृती जपली, दुसऱ्याने कोंडमाऱ्याची.

युरोपीय संघाने अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे उघडेबोडके अरुंद पिंजरे १९९९ च्या निर्देशानुसार २०१२ पासून बंद केले. दांडा, घरटे व पायाने उकरण्याजोगी जागा या त्या निर्देशातील अपेक्षांपैकी दांडा, घरटे व धूळ कोलुमेलाच्या पानांत आधीच आढळतात. तेव्हा दोन सहस्रकांत उणीव ज्ञानाची नव्हती, असाच निष्कर्ष काढावा लागतो.