अनुमान-नियंत्रण

डेटाबेसमधील ज्या नोंदी पाहण्याचा अधिकार वापरकर्त्याला नाही, त्या परवानगी असलेल्या उत्तरांवरून तर्काने काढता येऊ नयेत यासाठीची योजना. पासवर्ड नोंदीकडे जाणारी थेट वाट अडवतो. अनुमान मात्र रीतसर विचारलेल्या प्रश्नांतूनच निघते.

कुष्ठरुग्णांच्या नोंदींचे उदाहरण घेऊ. वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोगाच्या कामाला मोठी परंपरा आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले आणि १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. रोग औषधांनी बरा होतो, पण नाव फुटले तर रुग्णाच्या घराला त्याची झळ बसते. हिंदू विवाह कायद्यात तर २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. अशी नोंद आकडेवारीतून कशी निसटते, हे एका कल्पित गावावरून पाहू.

समजा, रुग्णसंख्या ५ पेक्षा कमी असेल तर उत्तर द्यायचे नाही, असा डेटाबेसचा नियम आहे. गावातील आदिवासी रुग्ण किती, या प्रश्नाला म्हणूनच नकार मिळतो. मग विचारणारा गावातील एकूण रुग्ण विचारतो : २३. आदिवासी वगळून किती? २२. दोन्ही उत्तरे नियमात बसतात आणि वजाबाकी १ येते. जनगणनेच्या गोषवाऱ्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या गावनिहाय छापलेली असते. गावात आदिवासींचे, समजा कोलाम जमातीचे, एकच घर असेल, तर रुग्ण कोणत्या घरात आहे हे उघड झाले. अशा युक्तीला ‘ट्रॅकर’ म्हणतात. केवळ लहान आकडे झाकून भागत नाही, हे डोरोथी डेनिंग आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच दाखवले होते.

अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी नावे काढून टाकलेल्या रुग्णनोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधली, तेव्हा त्यांना मतदारयादी विकत घ्यावी लागली. खेड्यात तीही लागत नाही. कोणाचे वय काय, कोण कधी दवाखान्यात गेले, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. म्हणून शहरासाठी ठरवलेली किमान संख्या गावाला जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे.

यावर उपाय म्हणून २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’त उत्तरात मोजूनमापून यादृच्छिक फरक मिसळतात; अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली गेली. लहान गावात मात्र ३ चे ० किंवा ७ होऊ शकतात. औषधसाठा अशा आकड्यावर ठरवू नये; त्यासाठी खरी नोंद मोजक्या अधिकृत हातांतच असावी.

लष्करी डेटाबेसमध्ये नकारही बोलका ठरतो. पुलगावसारख्या दारूगोळा भांडाराच्या मालवाहतुकीबद्दल ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले, तर तेथे काही गुप्त आहे एवढे कळतेच. यावर खालच्या अधिकारपातळीला त्याच नोंदक्रमांकाची वेगळी, निरुपद्रवी नोंद दाखवतात. याला ‘पॉलिइन्स्टँशिएशन’ म्हणतात.

छापील तक्त्यांनाही वजाबाकीचा धोका असतोच. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. सात तालुक्यांचे आकडे आणि जिल्ह्याची बेरीज दिली, तर झाकलेला आठवा आकडा कोणालाही काढता येतो. त्यामुळे आणखी एक तालुका झाकावा लागतो, नाहीतर बेरीज तरी.