अवर्षणात तगणारा माड : निवड बियाण्यापासूनच

रत्नागिरी शहरालगत, काजळी नदीच्या मुखाशी वसलेले भाट्ये पर्यटकांना परिचित आहे ते समुद्रकिनारा आणि सुरूच्या बनासाठी. मात्र १९५५ पासून येथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र कार्यरत असून, आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. ‘प्रताप’ ही नारळाची जात याच केंद्राची देणगी होय.

कोकणात पाऊस मुबलक असला, तरी तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळापुरताच. उर्वरित महिने माडाला विहिरीच्या पाण्यावर किंवा जमिनीतील ओलाव्यावर काढावे लागतात. पाण्याचा ताण पडला की कोवळी फळे गळतात. शिवाय, पोय उमलण्याच्या सुमारे अडीच वर्षे आधीच तिची घडण खोडाच्या गाभ्यात सुरू झालेली असते. त्यामुळे एका कडक उन्हाळ्याचा फटका पुढील दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नाला बसतो.

माडाला आंब्यासारखे कलम करता येत नाही; लागवड बियाण्याच्या नारळापासूनच होते. उंच जातींमध्ये परपरागीभवन होत असल्याने प्रत्येक रोप वेगळे निपजते. रोप निकृष्ट होते, हे कळेपर्यंत सहा-सात वर्षे निघून गेलेली असतात. म्हणूनच मातृवृक्षाची निवड महत्त्वाची ठरते.

कोकणातील ‘बाणवली’ आणि ‘लक्षद्वीप ऑर्डिनरी’ अर्थात ‘चंद्रकल्पा’ या उंच जाती पाण्याचा ताण तुलनेने चांगला सोसतात. बुटक्या जाती लवकर फळतात, शहाळ्यासाठीही उत्तम. परंतु त्यांना नियमित पाणी लागते.

वीस वर्षांहून अधिक वयाच्या, डोक्यावर तीसहून जास्त झावळ्या असलेल्या आणि वर्षाला किमान शंभर नारळ देणाऱ्या निरोगी माडाचे ११ ते १२ महिन्यांचे पक्व नारळ बियाण्यासाठी घ्यावेत. ते दोरीने अलगद उतरवावेत. उंच जातींचे नारळ सुमारे दोन महिने सावलीत ठेवून, हलवल्यावर पाण्याचा आवाज न येणारे बाजूला काढावेत. उरलेले नारळ पावसाच्या तोंडावर रेताड वाफ्यात ३० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. उंच जातींना कोंब येण्यास दोन ते चार महिने लागतात. सहा महिन्यांतही न रुजलेले नारळ काढून टाकावेत.

नऊ ते बारा महिन्यांच्या चांगल्या रोपाला सहा-आठ पाने असतात, बुंध्याचा घेर १० ते १२ सेंटिमीटर असतो आणि पाने लवकर चिरू लागतात. लागवड साडेसात मीटर अंतरावर, एक मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात करावी. खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे पोकळ बाजू वर करून रचल्यास ती पाणी धरून ठेवतात. बुंध्याभोवती झावळ्यांचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन रोखले जाते.

जात कितीही सोशीक असली, तरी पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला पाणी आणि सावली द्यावीच लागते. माड साठ वर्षांहून अधिक काळ फळतो. त्या तुलनेत रोप निवडण्यासाठी घालवलेला एखादा दिवस मुळीच महाग नाही.