स्वमग्नता : संवेदन आणि वावर

स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींना आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद असू शकते. एकाच व्यक्तीत दोन्हीही आढळतात. मिक्सरच्या घरघरीने कान झाकणाऱ्या मुलाला गुडघा खरचटल्याचे कळतही नाही. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरील १९४३ च्या निबंधातच मोठ्या आवाजांची भीती नोंदवली होती. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत संवेदनभेदांना स्वतंत्र स्थान मात्र २०१३ मध्ये मिळाले. हा विलंब खेदजनक होय. वावरातही फरक दिसतो : काही जण चवड्यांवर चालतात. डोलण्याने, हात फडफडवण्याने अनेकांचे मन स्थिरावते. इजा होत नसेल तर ते बळाने थांबवू नये. खोल दाबही काहींना शांत करतो : स्वतः स्वमग्न असलेल्या टेंपल ग्रँडिन यांनी गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा सापळा पाहून स्वतःसाठी दाबयंत्र बनवले.