कापडाचा पैसा आणि कलेचा वारसा : मॉस्को, नागपूर, मुंबई

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड व्यवसायाने अनेक देशांत एक नवा धनिकवर्ग निर्माण केला. या वर्गातील काहींनी आपली संपत्ती कलासंग्रहात गुंतवली. प्रस्तुत लेखात मॉस्कोचे सर्गेई श्चुकिन आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलशी संबंधित टाटा बंधू यांच्या संग्रहांची तुलना करून, खाजगी संग्रहावर समाजाचा हक्क कोणत्या मार्गाने प्रस्थापित होतो, याचा विचार केला आहे.

श्चुकिन : समकालीनांचा संग्राहक

श्चुकिन (१८५४-१९३६) हे कापडाचे मोठे व्यापारी होते. मोने, सेझान, गोगँ यांच्या चित्रांपासून सुरुवात करून ते मातिस आणि पिकासोपर्यंत पोहोचले. मातिस यांच्याकडून त्यांनी 'नृत्य' आणि 'संगीत' ही भव्य चित्रे आपल्या वाड्यासाठी मुद्दाम करवून घेतली. ती १९१० मध्ये पूर्ण झाली. ज्या चित्रांची पॅरिसमध्ये टिंगल होत होती, ती विकत घेण्याचे धाडस त्यांनी दाखवले. १९०७ मध्ये त्यांनी आपला संग्रह मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयास देण्याचे मृत्युपत्र केले. परंतु क्रांतीनंतर १९१८ मध्ये शासनाने संग्रहाचे राष्ट्रीयीकरण केले आणि श्चुकिन यांनी पॅरिसमध्ये आश्रय घेतला. दात्याने जे स्वेच्छेने देऊ केले होते, तेच राज्यसत्तेने हुकमाने घेतले.

टाटा बंधू : भूतकाळाचे संग्राहक

नागपूरच्या जुम्मा तलावाजवळील एम्प्रेस मिल जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. विदर्भाचा कापूस आणि स्थानिक कामगारांचे श्रम यांवर उभ्या राहिलेल्या या गिरणीचा टाटा घराण्याच्या उत्कर्षात महत्त्वाचा वाटा आहे. जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा (१८७१-१९१८) यांनी इंग्लंडमध्ये ट्विकनहॅम येथील यॉर्क हाउस विकत घेतले आणि युरोपीय चित्रे तसेच पूर्व आशियातील कलावस्तू जमवल्या. पाटलीपुत्राच्या उत्खननासाठीही त्यांनी द्रव्यसाहाय्य केले. त्यांची दृष्टी प्राधान्याने गतकाळाकडे होती. श्चुकिन यांच्यापासून त्यांचे वेगळेपण येथेच जाणवते. सर रतन यांचा संग्रह १९२१ मध्ये आणि ज्येष्ठ बंधू सर दोराबजी यांचा १९३३ मध्ये मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयास, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयास, मिळाला.

समकालीन कलेकडे वळलेले श्चुकिन यांचे खरे भारतीय समधर्मी मुंबईचे कापूस व्यापारी जहांगीर निकोल्सन (१९१५-२००१) हे होत. त्यांनी १९६८ पासून हयात भारतीय चित्रकारांच्या कलाकृती घेतल्या. त्यांची संख्या सुमारे ८०० झाली. २०११ पासून त्यांच्या संग्रहाचे दालन याच संग्रहालयात आहे.

निष्कर्ष

मॉस्कोत सक्तीने आणि मुंबईत दानाने, परंतु दोन्ही ठिकाणी खाजगी संपत्ती अखेर सार्वजनिक झाली. असे असले तरी एक प्रश्न उरतो. नागपुरात १८६३ पासून मध्यवर्ती संग्रहालय, अर्थात आपला 'अजब बंगला', अस्तित्वात असतानाही टाटांचे संग्रह मुंबईस गेले. दात्यांचे वास्तव्य आणि कार्यक्षेत्र पाहता हे स्वाभाविक होते, हे मान्य करावे लागेल. मात्र संपत्ती जेथे निर्माण होते तेथेच तिचा सांस्कृतिक लाभ पोहोचतो असे नाही, हेही यातून स्पष्ट होते. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. चित्र कोणी रंगवले आणि कोणी विकत घेतले, एवढी नोंद संग्रहाच्या इतिहासास पुरेशी नाही. त्यामागील पैसा कोणाच्या श्रमातून आला, हीही नोंद त्यात असली पाहिजे. गिरणी कामगारांच्या आठवणी, हजेरीपट आणि छायाचित्रे जतन करणे हे त्या दृष्टीने विदर्भातील इतिहास विभागांचे निकडीचे कर्तव्य आहे. दात्यांची नावे दालनांवर कोरली गेली आहेत. सूत कातणाऱ्यांची नावे शोधण्याचे काम अद्याप आपल्यापुढे आहे.