बिघाडाचे दफ्तर

भिवंडीच्या कामतघर भागात, वऱ्हाळादेवी तलावाच्या अवतीभवतीच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा जो खडखडाट चालतो, त्यात परक्या माणसाला गोंगाटावाचून दुसरे काही ऐकू येत नाही. परंतु ज्याने उमेदीची वर्षे साच्यांमध्ये घालविली आहेत असा जॉबर त्याच खडखडाटातून कोणत्या साच्याचा धोटा अडतो आहे आणि कोठला पट्टा सैल पडला आहे, हे जागेवरून न हलता सांगू शकतो. भिवंडीविषयी लिहिणाऱ्यांनी मालकांविषयी लिहिले, १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर इकडे वळलेल्या कापडाच्या धंद्याविषयी लिहिले, १९७० आणि १९८४ च्या दंग्यांविषयी तर पुष्कळच लिहिले; बिघाड शोधणाऱ्या माणसाच्या विद्येकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हीच उपेक्षा त्याच सुमारास आपल्या प्रांतात रुजलेल्या आणखी एका विद्येच्या वाट्याला आली, आणि ती विद्या म्हणजे युनिक्स या संगणक-प्रणालीवर मोठमोठ्या कचेऱ्यांचे सॉफ्टवेअर बसविण्याची, आणि ते बसत नसल्यास का बसत नाही याचा छडा लावण्याची. आज कामतघरमधून अंजूरफाट्याच्या वाटेने ठाणे, ऐरोली, महापे येथील संगणक-केंद्रांकडे जी तरुण मंडळी रोज निघतात, त्यांच्यापैकी काहींची उपजीविका या विद्येवर चालते. त्यांना तिचा पूर्ववृत्तांत ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. कारण या धंद्यातील बहुतेक बिघाड हे आजचे नसून कोणीतरी, कोठेतरी, फार पूर्वी घेतलेल्या निर्णयाचे अवशेष असतात, आणि तो निर्णय ज्याला माहीत आहे त्याला बिघाडाचे मूळ लवकर सापडते.

युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेतला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला, आणि तेव्हापासून ती कोणा एका कंपनीच्या यंत्राशी जखडलेली राहिली नाही. प्रयोगशाळेची मालक संस्था एटी अँड टी हिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीअन्वये दूरध्वनीखेरीज अन्य व्यापार करण्यास निर्बंध होता. सबब तिने ही प्रणाली मूळ लिखाणासकट विद्यापीठांना अल्प मोबदल्यात दिली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने त्या लिखाणात स्वतःची मोठी भर घातली, आणि कालांतराने युनिक्सची दोन घराणी झाली, एक बेलचे आणि दुसरे बर्कलीचे. या घराण्यांचा तंटा पुढे महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांपर्यंत कसा येऊन पोहोचला, ते यथावकाश सांगतो.

आपल्या देशात ही प्रणाली रुजण्यास राजकीय आणि प्रशासकीय कारणे घडली. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्याशी न जमल्यामुळे आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये येथून काढता पाय घेतला, आणि देशी कंपन्यांना बाजार मोकळा झाला. स्वतःची प्रणाली पायापासून लिहिण्याचे सामर्थ्य त्यांच्यापैकी थोड्यांकडेच होते. निरनिराळ्या यंत्रांवर चालू शकणारे युनिक्स त्यांना सोयीचे ठरले. पुढे १९८३ मध्ये बँकांच्या संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये आपला अहवाल दिला, आणि शाखा-शाखांतून खातेवह्यांच्या जागी जी यंत्रे येऊ लागली त्यांवर युनिक्स असण्याचा शिरस्ता पडला. सरकारी बाजूने राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे मोठी यंत्रे ठेवून जिल्हा कचेऱ्या उपग्रहाद्वारे जोडण्याचे काम हाती घेतले. विद्येच्या बाजूने, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेली आणि १९८५ पासून स्वतंत्रपणे नांदू लागलेली जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था युनिक्सचे शिक्षण देत होती. देशातील विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांची टपाल-जोडणी तेथूनच परदेशी जात असे.

अशा एखाद्या शाखेत किंवा कचेरीत सॉफ्टवेअर बसविणे म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाला सविस्तर सांगणे भाग आहे. प्रणाली चुंबकीय फितीवर किंवा फ्लॉपींच्या गठ्ठ्यावर येई. एका यंत्राला सिरियल तारांनी अनेक टर्मिनले जोडलेली असत, आणि तार कोणत्या वेगाने बोलते, टर्मिनल कोणत्या जातीचे आहे, हे युनिक्सला लेखी कळवावे लागे. त्यात तफावत पडली की पडद्यावर निरर्थक अक्षरांचा खच पडे. युनिक्समध्ये टर्मिनलाला आजही जे 'टीटीवाय' हे नाव आहे ते टेलिटाइप यंत्रावरून आले आहे, म्हणजे जे यंत्र कागदावर खटखट करीत मजकूर छापी त्याचे नियम पडद्याच्या टर्मिनलाने वारशाने घेतले. गाभ्याची मापे, उदाहरणार्थ एका वेळी किती फाइली उघडता येतील, अपुरी पडली तर काही प्रणालींत संपूर्ण गाभाच नव्याने जोडून घ्यावा लागे, आणि नवा गाभा उठला नाही तर परत फिरता यावे म्हणून जुना जतन करून ठेवणे हा या धंद्याचा पहिला धडा असे.

विजेचे प्रकरण तर कामतघरला निराळे सांगावयास नको. २६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीचे वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपविले गेले. तत्पूर्वीच्या काळात वीज जाणे हे इकडे नित्याचे होते. युनिक्स लिहिलेला मजकूर तत्काळ चकतीवर उतरवीत नाही, काही काळ स्मृतीत राखून मग टाकते. जुन्या यंत्रांत हा अवधी साधारण ३० सेकंदांचा असे. मधल्या अवधीत वीज गेली की फाइलींच्या नोंदी आणि प्रत्यक्ष मजकूर यांचा मेळ बसत नाही, आणि यंत्र पुन्हा उठताना 'एफएससीके' नावाच्या तपासनिसाकडून सगळ्या चकतीची रुजवात करून घ्यावी लागते. ज्या मजकुराचा धनी सापडत नाही तो 'लॉस्ट अँड फाउंड' या डिरेक्टरीत जमा होतो. एखादे सॉफ्टवेअर काल व्यवस्थित बसले आणि आज चालत नाही, अशी तक्रार आली, तर जाणता माणूस सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी या डिरेक्टरीत डोकावून पाही, आणि अर्धी बसलेली फाइल पुष्कळदा तेथेच मिळे.

मराठीच्या अभिमान्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा एक बिघाड याच काळातला आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने, मूळ कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेल्या संशोधनातून, 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचे तंत्र सिद्ध केले. युनिक्स यंत्राला जोडता येतील अशी जिस्ट टर्मिनले निघाली, आणि १९९१ मध्ये 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतसूची मानक म्हणून मान्य झाली. या सूचीत खालचे १२८ क्रमांक इंग्रजीकरिता राखून देवनागरीला त्यांवरचे क्रमांक दिलेले होते. असे मोठे क्रमांक लिहिण्यास आठ बिट लागतात. परंतु अमेरिकी तारयंत्रांच्या परंपरेत वाढलेल्या युनिक्सच्या तारा पुष्कळदा सातच बिटांवर ठेवलेल्या असत आणि आठवा बिट एक तर तपासणीसाठी वापरीत किंवा छाटून टाकीत. परिणाम असा होई, की 'क' चा क्रमांक १७९ असता आठवा बिट गळून तो ५१ उरे, आणि ५१ हा इंग्रजी सूचीत तीन या अंकाचा क्रमांक आहे. या हिशेबाने 'कामतघर' हे नाव अशा तारेवरून गेले, तर पलीकडे तीनचा अंक, मग झेड, एल, बी ही अक्षरे, मग सहाचा अंक आणि शेवटी ओ, एवढेच उतरते. वरकरणी पाहणारा म्हणणार की मराठी सॉफ्टवेअर सदोष आहे. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर निर्दोष, टर्मिनल निर्दोष, साठविलेला मजकूरही निर्दोष असतो. दोष एका आज्ञेत असतो, जी तारेला आठ बिट जसेच्या तसे जाऊ द्यावयास सांगते आणि जी कोणी दिलेलीच नसते. आपल्या भाषेच्या संगणकावरील प्रवेशाचे श्रेय आपण संकेतसूची करणाऱ्यांना देतो ते योग्यच आहे, पण ही आज्ञा कोठे द्यावयाची हे ज्यांनी शोधून काढले त्यांचाही त्यात हिस्सा आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९९० नंतरच्या दशकात सन कंपनीची सोलॅरिस प्रणाली आणि तिच्यावर ओरॅकलचा माहितीसाठा ही जोडी मोठ्या संस्थांतून दिसू लागली, आणि बिघाड शोधण्याची विद्या खऱ्या अर्थाने परिपक्व झाली. ओरॅकलला स्मृतीचा मोठा सामायिक तुकडा लागतो, आणि त्याची कमाल मर्यादा त्या काळच्या सोलॅरिसमध्ये 'सिस्टिम' नावाच्या फाइलीत लिहून यंत्र पुन्हा उठवावे लागे. त्या फाइलीत चूक झाली तर यंत्र उठण्यासच नकार देऊ शकते. अशा वेळी यंत्राला विचारीत-विचारीत उठण्याची आज्ञा देऊन, 'सिस्टिम फाइल कोणती?' या त्याच्या प्रश्नावर 'नल' या रिकाम्या उपकरणाचे नाव द्यावयाचे, म्हणजे ते कोणतीही मर्यादा न वाचता उठते आणि चूक दुरुस्त करता येते. ही तोड ज्याला ठाऊक असे त्याचा मान कचेरीत मोठा असे.

याच ठिकाणी ते दोन घराण्यांचे प्रकरण उपस्थित होते. सोलॅरिस ही बेलच्या घराण्यातली, परंतु सनचे जुने ग्राहक बर्कलीच्या रीतीला सरावलेले. त्यांची सोय म्हणून बर्कलीची जुनी अवजारे 'यूसीबी' या डिरेक्टरीत राखून ठेवलेली होती. ओरॅकल बसविताना त्याचे तुकडे जागेवरच जोडून घ्यावे लागतात, आणि आज्ञा कोठे शोधाव्या त्या यादीत 'यूसीबी' आधी आलेली असली, तर संकलकाच्या नावाने तेथे बसलेला एक नामधारी प्रोग्रॅम उत्तर देतो की भाषेचे ऐच्छिक पॅकेज बसविलेले नाही. वाचणारा पॅकेज शोधीत बसतो; खरा उपाय यादीतला क्रम बदलण्याचा असतो. संदेश खोटा बोलत नाही, परंतु तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न आपण विचारलेलाच नसतो.

परवानगीच्या बिघाडाविषयी तर स्वतंत्र लेख व्हावा. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीचा एक मालक, एक गट आणि उरलेले सर्व, अशा तिघांचे अधिकार पृथक् लिहिलेले असतात. शिवाय एक असा अधिकार असतो की त्यायोगे प्रोग्रॅम चालविणारा कोणीही असला तरी तो प्रोग्रॅम आपल्या मालकाच्या मुखत्यारीने चालतो. ही कल्पना डेनिस रिची यांची, आणि तिचे पेटंट त्यांना १९७९ मध्ये मिळाले. ओरॅकलच्या मुख्य प्रोग्रॅमवर हा अधिकार असावा लागतो, आणि त्याची खूण ६७५१ या आकड्याने लिहितात. कोणी निष्काळजीपणे सगळी डिरेक्टरी दुसऱ्या चकतीवर नकलून नेली, की फाइली सगळ्या जागच्या जागी दिसतात, आकारही तोच असतो, पण हा अधिकार गळून पडलेला असतो. मग माहितीसाठ्याचा मालक स्वतः आत जाऊ शकतो आणि इतर कोणालाही सामायिक स्मृतीला हात लावता येत नाही. 'मला चालते, त्यांना चालत नाही' हे वाक्य ऐकताच जाणता माणूस प्रथम अधिकारांची यादी काढून पाही.

जागा शिल्लक असतानाही जागा नसल्याचा संदेश येणे हा असाच एक प्रकार. त्याला कारणे दोन. एक तर फाइलींच्या नोंदीकरिता आखलेली घरे संपलेली असतात, मग मजकुराला जागा असूनही नवी फाइल नोंदता येत नाही. किंवा नोंदवहीची एखादी अवाढव्य फाइल कोणी पुसून टाकलेली असते, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम अद्याप चालू असतो. तो बंद होईपर्यंत नाव गेले तरी जागा सुटत नाही.

१९९६ च्या मार्चमध्ये पीसी क्वेस्ट या मासिकाने आपल्या अंकासोबत युनिक्सच्याच धर्तीवरील लिनक्स या प्रणालीची चकती वाटली, आणि लाखो रुपयांच्या यंत्राशिवाय या विद्येचा सराव करणे सामान्य घरातल्या मुलाला शक्य झाले. त्यात मोठी साथ नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या सी भाषेवरील पुस्तकाने दिली, जे देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असे. आता भिवंडी तालुक्यात मानकोली, दापोडे, पूर्णा या पट्ट्यात, मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून उभी राहू लागलेली गोदामे जकात गेल्यावरही वाढत आहेत, आणि मालाची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांवर पुष्कळ ठिकाणी लिनक्सच आहे.

शेवटी काळाविषयी लिहावयाचे आहे, कारण बिघाडाच्या नोंदी वाचताना कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे ठरविल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते आणि आपल्याला वेळ दाखविताना स्थानिक फरक लावते. हा फरक हाताने लिहिताना चिन्ह उलटे द्यावे लागते; म्हणजे भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असूनही उणे साडेपाच लिहावयाचे. ज्याने सरळ बुद्धीने अधिक लिहिले, त्याच्या नोंदी अकरा तास मागे पडतात, आणि दोन यंत्रांच्या नोंदवह्या शेजारी ठेवून कारण शोधू पाहणाऱ्याला परिणाम आधी आणि कारण नंतर घडलेले दिसते. सेकंद मोजण्याचे घर जुन्या यंत्रांत ३२ बिटांचे होते. ते १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की भरून जाईल, आणि पुढच्या सेकंदाला अशी यंत्रे डिसेंबर १९०१ दाखवू लागतील. नव्या प्रणालींनी हे घर ६४ बिटांचे करून घेतले आहे. परंतु जुन्या माहितीसाठ्यांत, फाइलींच्या ठरावीक आराखड्यांत आणि कोणी कधी बसविले हे विसरले गेलेल्या प्रोग्रॅमांत चार बाइटांची घरे अजून शिल्लक आहेत, आणि ती एकेक करून हुडकण्याचे काम ऐरोली-महाप्याकडे जाणाऱ्या याच मंडळींच्या वाट्याला येणार आहे.