गाळ : एका शब्दाचा व एका प्रक्रियेचा इतिहास

जळगावालगतचे मेहरूण प्रसिद्ध आहे ते तलावासाठी व बोरांसाठी. तलावाचा गाळ शेतात घातला असता जमिनीस कस येतो, हा केवळ खानदेशाचाच नव्हे, तर अवघ्या महाराष्ट्राचा जुना अनुभव होय. २०१७ साली राज्यशासनाने 'गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार' ही योजना आखली, ती याच अनुभवाच्या आधारे. परंतु धातूवर क्रोमियमचा मुलामा चढविणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातून तळाशी बसणाऱ्या साक्यासही आपण 'गाळ'च म्हणतो. 'गाळणे' या धातूशी नाते पाहता भाषेचे काही चुकले नाही. चूक होते ती व्यवहारात. एक गाळ शेताचे अन्न, दुसरा शेताचे विष.

विषाचे कारण असे, की सेंद्रिय घाण कुजते, धातू कुजत नाही. सराफीसाठी नावाजलेल्या जळगावास हे निराळे सांगावयास नको. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या झारेकऱ्याचा सारा उद्योगच या तत्त्वावर उभा होता. मात्र झारेकरी केरातून धातू मुक्त करीत असे. आधुनिक प्रक्रिया तो गाळातच बंदिस्त करू पाहते.

या प्रक्रियेचा उगम शेतीत वा उद्योगात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुकेंद्रांतील किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव सिमेंटमध्ये कालवून घट्ट करण्यात येऊ लागला, आणि अमेरिकेत १९७६ चा टाकाऊ पदार्थविषयक कायदा झाल्यावर तीच युक्ती धातुयुक्त गाळास लागू झाली. प्रथम षट्‌संयुजी क्रोमियमचे, फेरस सल्फेटसारख्या द्रव्याने, कमी विषारी अशा त्रिसंयुजी रूपात क्षपण करावयाचे. मग चुना घालून त्याचा अविद्राव्य साका पाडावयाचा. शेवटी त्यात सिमेंट व औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळून त्याचा दगड बनवावयाचा. भुसावळजवळच्या दीपनगरातही अशी राख निघतेच. मात्र चुन्याचे प्रमाण बेताचे हवे; तो अधिक झाल्यास शिसे व जस्त पुन्हा विरघळू लागतात.

भारतात घातक टाकाऊ पदार्थांचे नियम १९८९ साली झाले. त्यांची अंमलबजावणी मात्र इतकी ढिली होती, की मेनन समितीच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २००३ मध्ये सविस्तर आदेश द्यावे लागले. महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे सामायिक विल्हेवाट केंद्रे उभी राहिली.

बंदिस्त झालेला धातू खरोखर बंदिस्त आहे काय, हे ठरविण्याची अमेरिकी कसोटी अशी : नमुना बारीक करून वीसपट वजनाच्या सौम्य ॲसेटिक आम्लात सुमारे १८ तास घुसळावा, द्रवात क्रोमियम लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असावे. कसोटी उपयुक्त खरी; पण अठरा तासांची साक्ष कित्येक दशकांच्या पावसाळ्यांस पुरेल असे मानणे प्रस्तुत लेखकास धाडसाचे वाटते.

परिभाषाकारांनी या दुसऱ्या गाळास स्वतंत्र शब्द द्यावयास हवा होता. जुन्या साध्या शब्दाच्या ओळखीवर विश्वासून तो कोणी शेतकरी ट्रॉलीत भरून नेईल, ही शक्यता कोशाबाहेरची असली तरी शिवाराबाहेरची नाही.